रिकामीच तर होती!

शिरवळला नीरेकाठी कुणीतरी आणून टाकलेल्या राडारोड्याबद्दल आठवडाभर जे खुलासे चालले आहेत, त्यांतला सर्वांत निरागस खुलासा हा : "जागा रिकामीच तर होती." डंपरवाला परगावचा होता, रात्री दिसले नाही, आधी दुसऱ्याने टाकले होते, हे बाकीचे नेहमीचे गडी, त्यांना जाऊ द्या. पण 'रिकामीच तर होती' म्हणताना माणसाच्या चेहऱ्यावर जो सात्त्विक भाव येतो, तो मला सोसत नाही. जणू एकटी पडलेली जागा बघून याला गलबलून आले आणि सोबतीला म्हणून दोन ट्रॉली विटांचे तुकडे सोडून आला.

ढीग मी जवळून पाहिला. प्लॅस्टरचे पोपडे, निळ्या फुलांच्या अर्ध्या टाइल्स, तोटीसकट एक वॉशबेसिन आणि थर्माकोलच्या मखराचा एक खांब. सोनेरी कागद अजून चिकटलेला; म्हणजे बाप्पाची रवानगीही रिकाम्या जागेतच. खाली करंजाची दोन रोपे दबली होती आणि गुरांची पाण्यावर जायची वाट बुजली होती. परवापर्यंत त्या वाटेने म्हशी जात, धुण्याची बादली घेऊन बाया जात, सकाळी फिरायला निघालेली पेन्शनर मंडळी जात. एवढ्या सगळ्यांच्या वापरातली जागा रिकामी ठरली, कारण तिच्यावर कुणाचा गाळा नव्हता.

नकाशावर नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या पट्ट्याची मालकीण नदी. ती तो रोज वापरत नाही इतकेच. लग्नातला शालू वर्षभर कपाटात पडून असतो, म्हणून घरात कुणी त्याची फरशी पुसायची फडकी करत नाही. सांगलीकरांना हे सांगायला नको. 2019 मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा 'रिकाम्या' जागांवर नदी स्वतः राहायला आली होती.

या सबबीची खरी गंमत अशी की ती तुकड्यापुरती खोटी नसते. कुणाचेही चार फूट घ्या, ते रिकामेच असतात. लांबट पट्टीचे मोल मात्र तिच्या सलगपणात असते. मधले चार फूट गेले की उरलेली पट्टी निव्वळ तुकडे होते, आणि तुकडे गिळायला सोपे.

पट्टी सलग राहिली तर काय होते, तेही बघा. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ अशी जुन्या रेल्वेच्या वाटेवरून गेलेली तेरा मैलांची डांबरी पायवाट आहे. 1966 मध्ये त्या मार्गावरची प्रवासी वाहतूक बंद झाली. पुढे रूळ निघाले आणि मागे उरला एक लांबलचक भराव, आपल्या भाषेत रिकामा. 1979 पासून सायकलवाल्यांच्या एका संस्थेने स्वयंसेवक जमवून त्याची वाट करायला घेतली. 1986 पर्यंत ती पुरी झाली. बाथच्या बाजूला ती एव्हन नदी पुन्हा पुन्हा ओलांडते, जुन्याच रेल्वेपुलांवरून. एके ठिकाणी तर बोगद्यातून जाते. तेही लोक काही देवमाणसे नव्हेत. 2008 च्या सुमारास तिथल्या कारभाऱ्यांनाही वाटलेच, की एवढी सरळ पट्टी आहे तर तिच्यावरून बस का नेऊ नये? चालणारे आणि सायकलवाले असे उठले की बेत गुंडाळावा लागला. अमेरिकेत तर 1983 पासून कायद्यानेच सोय आहे : बंद रेल्वेमार्गाची जमीन सलग राखून ठेवायची, तोवर लोकांनी चालायचे, उद्या गाडी परत आली तर तिची वाट तिला मोकळी.

आपल्याकडे शिरवळला रेल्वे आलीच नाही. गाडी पकडायला लोणंद नाहीतर नीरा गाठावे लागते. सांगलीत आली, आणि मीटरगेजबरोबर गावातून गेलीही. स्टेशन विश्रामबागेकडे आहे आणि गावात उरला आहे नुसता स्टेशन चौक, सभा भरवायला. रूळ निघाले तेव्हा ती पट्टी चालणाऱ्यांसाठी सलग राखावी, असे कुणाच्या मनात आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

'आपल्याकडे चालतो कोण?' असेही एकाने विचारले. शिरवळच्या अंगाने गेलेली हीच नीरा वीर धरणातून खाली जाऊन माउलींच्या पादुकांना स्नान घालते, आणि तिथे हजारो माणसे आळंदीपासून चालत आलेली असतात. यावर अधिक शाई घालवत नाही.

आता वाचक म्हणतील, मग नीरेकाठी करून टाका ब्रिस्टलसारखी वाट. इथे माझी जुनी दुखणी वर येतात, त्यांतले पहिले पेव्हर ब्लॉक. रेल्वेचा भराव कधीकाळी निसर्गाकडून घेऊन झालेला असतो. त्यावर डांबर घातले तर नदीचे नव्याने काही जात नाही. नदीकाठी काँक्रीट ओतले की मात्र आपणही राडारोडावाल्याच्याच रांगेत. फक्त आपला राडारोडा निविदा काढून येतो. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचे सुशोभीकरण चालले आहे, तिथे झाडांवरून आणि नदीच्या रुंदीवरून जे भांडण पेटले आहे, ते मला उगाच वाटत नाही. सुशोभीकरण हा शब्द कानावर आला की मी आधी झाडे मोजून ठेवतो.

नीरेला पेव्हर ब्लॉक नकोत. गुरांची वाट आहे ती मोकळी करा, करंज जगू द्या, डंपर उतरतो तिथे दोन दगड आडवे टाका. खर्च इतका कमी की कुणी मंजूर करणार नाही. गावाच्या नावापुढे लाल बदाम लावलेला सेल्फी पॉइंट, स्टीलचे बाक, बाकांवर देणगीदारांची नावे आणि सुभानमंगळ किल्ल्याची फायबरची प्रतिकृती धरली, तर गोष्ट वेगळी. खरा सुभानमंगळ याच काठावर आहे आणि तो शोधावा लागतो, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही. तेव्हा सुरुवात कमानीपासून होईल, असा माझा अंदाज आहे. कमानीचे बिल लवकर निघते.