मडक्यातला मासा

शतपथ ब्राह्मणात मनूची एक गोष्ट आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून त्याच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला. मोठे मासे लहानांना गिळतात, तेव्हा मोठा होईपर्यंत मला सांभाळ, पुढे मी तुला तारीन, असे त्याने मनूला सांगितले. मनूने त्याला आधी मडक्यात ठेवले. मडके अपुरे पडले तेव्हा खड्डा खणून त्यात. आणि अखेर समुद्रात नेऊन सोडले. प्रलयात त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली. दशावतारांतला पहिला अवतार म्हणून आपण जो पाठ केला, त्याचे हे जुने रूप. सांगणारे प्रलयावर भर देतात, ते साहजिकच आहे. मला मात्र या गोष्टीतले मडके मोलाचे वाटते. मासा मडक्यात आहे तोवर त्याचे पाणी, त्याचे खाणे, त्याचे जगणे हे सारे मनूच्या माथी आहे.

आता मडके काचेचे झाले. दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी फिश टँक असणे ही आपल्या गावातूनही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आणि ज्या घरी टँक आहे, त्या घरी केव्हा ना केव्हा मासा उडी मारून बाहेर पडतोच. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी गोल्डफिश असा पडला. किती वेळ पडून होता कोण जाणे. कल्ले हलत होते, अंगाला फरशीवरची धूळ आणि केस चिकटले होते, एका बाजूचे खवले निघाले होते, शेपटीचा पर फाटला होता. सातवीतल्या मुलीने त्याला पाण्यात सोडले आणि ती टँकपाशी बसून राहिली. दोन दिवसांनी तिचे वडील मला म्हणाले, "सर, तुम्हीच समजवा हिला. चाळीस रुपयांचा मासा. दुसरा आणून देतो म्हणतोय, तर ऐकतच नाही. अभ्यास सोडून पाणी बदलत बसलीय."

अशा माशासाठी करायचे असते ते तसे थोडे, पण चिवटपणे करायचे असते. उचलताना हात ओला हवा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो म्हणजे त्याचे चिलखत. कोरड्या हाताने तो निघून जातो आणि रोगाला वाट मिळते. माशाचा श्वास कल्ल्यांतल्या अत्यंत पातळ पापुद्र्यांवर चालतो. पाण्यात ते सुटे तरंगतात, हवेत एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून भोवती हवाच हवा असूनही मासा गुदमरतो. पाण्यात परतला की चालू पंपाजवळ, भरपूर हवा मिसळलेल्या पाण्यात त्याला ठेवायचे. चिकटलेला कचरा ओढून काढायचा नाही, पाण्यात आपोआप सुटू द्यायचा. लिटरमागे ग्रॅमभर मीठ घालतात, तेही आयोडीन नसलेले. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. जखमेतून क्षार बाहेर जातात, पाणी आत शिरते. बाहेर थोडे मीठ असले की शरीराची ही ओढाताण कमी होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते दिवसभर उघडे ठेवून मगच वापरायचे. दिवा बंद. एक दिवस खाणे नाही. इतर मासे टोचत असतील तर वेगळे भांडे. जखमेवर कापसासारखे पांढरे दिसू लागले तर ती बुरशी. मग दुकानातून औषध आणावे लागते.

या यादीत एक गोष्ट ध्यानात येते. कुत्र्याला कुरवाळता येते, मांजर मांडीवर येते. माशाला प्रेमाने हात लावला तर तो इजाच. त्याची शुश्रूषा म्हणजे बहुतांशी स्वतःचा हात आवरणे. आपण काही करतो आहोत असे आपल्याला वाटावे म्हणून जी दया केली जाते, तिला इथे जागाच उरत नाही. पाणी चांगले ठेवायचे, काळोख करायचा आणि दूर व्हायचे. मोबदला म्हणाल तर मनूचा मासा निदान तारण्याचे वचन देत होता. हा ओळख तरी ठेवील का, हेही सांगता येत नाही.

वडिलांना दोन तऱ्हेची उत्तरे देता आली असती. कांटच्या मार्गाने म्हणता येते की, प्राण्याशी निष्ठुर वागणारा माणसाशीही निष्ठुर होतो, तेव्हा मुलीवर चांगला संस्कार होतो आहे, होऊ द्या. शाळामास्तरांना हे उत्तर फार आवडते. मला ते अपुरे वाटते, कारण त्यात मासा म्हणजे मुलीच्या नीतीचा धडा ठरतो. दुसरे उत्तर बेंथमचे: बुद्धी आहे का हे विचारू नका, वेदना होते का ते विचारा. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले. मासे जागीच डुलू लागले, खाणे टाळू लागले. आम्ल टोचलेले काही तर ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. यावर काही शास्त्रज्ञ म्हणतात की, माणसासारखे मेंदूचे बाह्यपटल माशाला नाही, म्हणजे वेदनेची जाणीव नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण तो मिटेपर्यंत फरशीवरचा मासा थांबत नाही.

मला वाटते, कर्तव्य याही आधी सुरू होते. ते मडक्यापासून सुरू होते. ओढ्यातला मासा पाणी गढूळ झाले तर दुसरीकडे जातो. टँकमधल्या माशाची ही सोय आपण काढून घेतली. त्याच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया साठतो, प्राणवायू कमी पडतो, मोठा मासा पाठलाग करतो, आणि पळायला जागा एकच उरते: वर. त्याने उडी मारली ती मूर्खपणाने नव्हे. ज्याने वाटा बंद केल्या त्याने जखम बांधायची, हा साधा हिशेब आहे. आणि तो या माशाशी आहे. दुकानातला दुसरा मासा त्याच रंगाचा असेल, पण त्याला आणल्याने हा हिशेब मिटत नाही. नवा एक उघडतो.

मुलीने मात्र मलाच पेचात धरले. "सर, मग बांगड्याचं काय?" त्यांच्या घरी बुधवारी बांगडा होतो. आमच्याकडेही होतो. ही विसंगती आजची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमाराच्या ग्रंथात, गळ टाकून मासे धरण्याच्या करमणुकीचे सविस्तर वर्णन आहे. आणि त्याच ग्रंथात मत्स्यावताराची स्तुती आहे, तीही मराठीत. कानडी मुलखातल्या राजाच्या संस्कृत ग्रंथातले ते मराठी आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकाला वेगळेच सुखावते, पण ते असो. बांगड्याने मरेपर्यंत समुद्र पाहिला होता. आपण त्याचे काही राखू असे कुणी त्याला भासवले नव्हते. म्हणून त्याला खाणे निर्दोष ठरते असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की, तो प्रश्न वेगळा आहे, आणि तो सुटला नाही म्हणून हा टाळता येत नाही. मुलीला हे उत्तर पटले नाही. तिने त्या बुधवारी वरणभात खाल्ला.

टँकवर झाकण बसवा, हे कुणीही सांगेल, आणि बसवलेच पाहिजे. पण आधी पाणी तपासले पाहिजे. नाहीतर उडी थांबते, उडीचे कारण आतच राहते.

मनूचे काम एक दिवस संपले. समुद्र होता. गोल्डफिशला असा समुद्रच नाही. हजारएक वर्षांपूर्वी चीनमध्ये कार्प जातीच्या माशांतून रंग निवडत निवडत माणसाने त्याला घडवले. त्याला मार्कंडेय नदीत किंवा राकसकोपच्या जलाशयात नेऊन सोडणे ही दया नव्हे. तो केशरी रंग बगळ्याला लांबून दिसेल; आणि मासा जगलाच तर इथल्या माशांच्या अन्नात आणि अंड्यांत वाटेकरी होईल. परके मासे असे सोडून कित्येक देशांतली तळी बिघडली आहेत. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे जगतो. एवढ्या अवधीत मुले बारावी होऊन पुण्याला, बेंगळुरूला निघून जातात. रविवारच्या पाण्यासाठी शनिवारी रात्री बादली भरून ठेवणारे माणूस हे बहुतेक घरांत मासा हवा म्हणून हट्ट धरणारे नसतेच. बहुधा ती त्या मुलांची आई असते.