निर्धोक पाण्याचे प्रमाण

नळाचे पाणी निर्धोक आहे असे मानून माणूस ते पितो, तेव्हा त्या मानण्याला आधार कोणता, हा प्रश्न वरवर आरोग्यखात्याचा वाटला तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी मिळते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. न्यायदर्शनाने अशी चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांपैकी प्रत्यक्ष येथे आरंभीच निरुपयोगी ठरते, कारण रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत, आणि नितळ, गार, गोड पाण्यातही ते असू शकतात. मुख्यतः आधार उरतो तो अनुमानाचा आणि शब्दाचा, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याचा. आणि लहान गावाच्या पाणीयोजनेत या दोन्हींचा भार बहुधा एकाच माणसावर, पंप चालवणाऱ्या व नोंदवही लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यावर, येऊन पडतो.

पाण्यात मिसळलेले क्लोरीन जंतूंशी व इतर सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून खर्च होते, आणि ही गरज भागल्यावर जे मोकळे उरते त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना धूर हे लिंग, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूची खूण असते. त्याच अर्थाने अवशिष्ट क्लोरीन हे निर्जंतुकतेचे लिंग होय, आणि ते एकाएकी घटले तर पाण्यात काहीतरी नवे शिरल्याची शंका घेणे प्राप्त होते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यानंतर ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतो आणि नमुन्याला पिवळा रंग येतो का ते पाहतो, तेव्हा तो हेच अनुमान करीत असतो. भारतीय मानकानुसार दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरले पाहिजे. ही चाचणी काही मिनिटांची आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात मे 2000 मध्ये हा प्रश्न दारुण रूपाने उभा राहिला. 8 ते 12 मे या दिवसांत मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतात टाकलेल्या गुरांच्या खतातील जंतू एका उथळ विहिरीत उतरले; त्या शेतकऱ्याने सारे रीतसर केले होते, असे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतर दर लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे होते, परंतु कर्मचारी पुरेसे क्लोरीन सोडत नसत, बहुतेक दिवशी मोजमापही घेत नसत, आणि वहीत 0.5 किंवा 0.75 असे आकडे मांडून ठेवत. 17 मे रोजी प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल व्यवस्थापकाच्या हाती आला, तरीही आरोग्य विभागाने विचारणा केली तेव्हा पाणी ठीक असल्याचेच सांगण्यात आले. पाणी उकळून पिण्याची सूचना अखेर 21 मे रोजी निघाली. सात माणसे दगावली आणि 2,300 हून अधिक आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी अहवालाने प्रांतिक शासनाच्या खर्चकपातीवर व ढिल्या देखरेखीवरही बोट ठेवले, आणि ते योग्यच होते.

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र निराळी आहे. पाणी मुळातच शुद्ध आहे असे ते कर्मचारी मनापासून मानत आणि क्लोरीन न घातलेले पाणी स्वतःही पीत. आकड्यांविषयी ते असत्य लिहीत होते, पाण्याविषयी मात्र त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. ही प्रामाणिकता दोष हलका करते काय?

इंग्रज गणितज्ञ व तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड याने 1877 मध्ये श्रद्धेच्या नीतीवरील निबंधात याच प्रकारचा दाखला घेतला होता. जुनाट जहाजाचा मालक मनातल्या शंका दाबून जहाज सुरक्षित असल्याचा प्रामाणिक ग्रह करून घेतो आणि प्रवाशांना समुद्रात पाठवतो. जहाज बुडाले तर तो दोषी आहेच, परंतु क्लिफर्डच्या मते ते सुखरूप पोचले असते तरीही तो तेवढाच दोषी ठरला असता, कारण उपलब्ध पुराव्याच्या आधारे तसे मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता. विल्यम जेम्स याने 1896 मध्ये यावर आक्षेप घेतला की, जेथे पुरावा निर्णायक होऊ शकत नाही आणि निवड टाळताही येत नाही, तेथे श्रद्धेला अवकाश दिला पाहिजे. ईश्वराविषयी हा आक्षेप कितीही बलवान असो, पाण्याला तो लागू पडत नाही. काही मिनिटांची चाचणी हाताशी असताना तिच्या जागी श्रद्धा ठेवणे म्हणजे अज्ञान निवडून घेणे होय.

न्यायदर्शनाची दृष्टी येथे क्लिफर्डपेक्षाही खोल जाते, कारण ती ऐकणाऱ्याइतकाच सांगणाऱ्याचा विचार करते. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे अशा पुरुषाचा; आणि भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावले. तुटपुंज्या पगारावरचा जलसुरक्षकही, त्याने खरोखर चाचणी केली असेल तर, गावाच्या दृष्टीने आप्त असतो. न मोजता आकडा लिहिणारा मात्र आप्ताची दोन्ही लक्षणे एकदमच गमावतो, आणि त्याच्या मागे गावाकडे जाणण्याचे साधनच उरत नाही. म्हणून अशा नोंदीला कागदोपत्री अनियमितता म्हणणे अत्यंत अपुरे आहे.

ज्ञान खरे कसे ठरते, यावर मीमांसक व नैयायिक यांचा जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते बाधक कारण पुढे येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण असते. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, विशेषतः सफल प्रवृत्तीवरून ठरते, म्हणजे दिसलेल्या पाण्याजवळ जाऊन तहान भागली की ते मृगजळ नव्हते हे कळते. नळाशी उभ्या असलेल्या माणसाला मीमांसकाप्रमाणेच वागावे लागते, कारण प्रत्येक पेल्याची तपासणी करणे त्याला शक्य नाही. नैयायिकांची कसोटीही येथे उशिरा येते: तहान तत्काळ भागते, जंतूंचा परिणाम मात्र काही दिवसांनी दिसतो, आणि तोही बहुधा लहान मुलांत व वृद्धांत अधिक गंभीरपणे. हे अंतर भरून काढण्याचे काम अवशिष्ट क्लोरीनचे मोजमाप करते, आणि ते स्वतः न घेणाऱ्या सरपंचावर, ग्रामसेवकावर व समितीच्या सदस्यांवर वहीतील आकडा पारखून घेण्याचे दायित्व राहते. ऑन्टारियोने 2002 मध्ये केलेल्या पेयजल कायद्यात हेच तत्त्व आणले. नगरपालिकेच्या पाणीव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्यांनी, निवडून आलेल्या सदस्यांनीसुद्धा, जाणत्या माणसाला शोभेल एवढी दक्षता घेतलीच पाहिजे असे बंधन त्याने घातले, आणि ‘आम्हाला सगळे ठीक वाटत होते’ एवढे उत्तर तेथे आता पुरत नाही.