दात्याने आपले नाव लावावे काय?

गेल्या एकादशीला उल्हासनगर कॅम्प नंबर २ मधील आमच्या मंडळात भजन राहिले बाजूला आणि वादच रंगला. प्रसंग असा. मुलांना पखवाज आणि पेटी शिकवावी म्हणून आम्ही जागा शोधत होतो. बाजारातले एक सिंधी शेठजी आपण होऊन पुढे आले. म्हणाले, "खोली बांधून देतो, पखवाज देतो, शिकवणाऱ्या बुवांची बिदागीही देतो. पण दारावर माझ्या वडिलांचे नाव लागले पाहिजे. आणि उत्सवात कीर्तन कोणाचे ठेवायचे, तेही मी सांगेन."

आमचे एक तरुण माळकरी उसळले, "देवाच्या दारी पाटी? हे दान नव्हे, सौदा आहे!" वयोवृद्ध बुवा एवढेच म्हणाले, "अरे, पण पोरं शिकणार कशावर?"

विद्येला, कलेला, देवकार्याला आश्रय देणाऱ्याने आपले नाव लावावे काय, हा तो प्रश्न.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अवज्ञेने, भलत्या ठिकाणी दिलेले ते तामस. नावाची इच्छा म्हणजे फळाचीच इच्छा, तेव्हा शेठजींचे दान राजस ठरले, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ही फूटपट्टी ज्याने त्याने आपल्याच मनाला लावायची आहे. दुसऱ्याच्या दानावर ती उगारली, की आपणच अवज्ञेच्या पायरीवर उतरतो.

जवळचेच उदाहरण घ्या. येथून थोड्या अंतरावर वालधुनीच्या काठी अंबरनाथाचे शिवालय आहे. शिलाहार राजांनी ते उभारले. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख असून मांवाणी राजाचे नाव आहे. ज्या पाथरवटांनी त्या भिंती जिवंत केल्या, त्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. तरी राजाश्रय नसता तर त्या हातांना एवढे काम कोठून मिळते? म्हणून आश्रयदात्याला तुच्छ लेखू नये. पण गंमत पाहा! तो लेख इतका झिजला, की अभ्यासकांनी आधी शक ७८२ वाचला आणि मागाहून तो ९८२ ठरला. दगडावरच्या अक्षराची ही गत, तर पाटीवरच्या रंगाची काय कथा! महाशिवरात्रीला रांगेत उभा असलेला भाविक राजाचे नाव विचारीत नाही.

उलट बाजूला गाडगेबाबा. लोकांच्या देणगीतून त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली, ती आपल्या नावाने नव्हे, चोखोबांच्या नावाने. आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हातात खापर आणि खराटा होता तसाच राहिला. हे शिखर झाले. पण सगळ्यांनी एकदम शिखरावरच उभे राहावे, असा हट्ट धरला तर पायथ्याशी कोणी येणारच नाही.

शिवाय शेठजींचे मन आम्ही पाहिले होते काय? फाळणीनंतर त्यांचे वडील सिंधहून येथल्या लष्करी छावणीच्या बराकीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले. ज्याचे गाव, घर आणि दारावरची पाटी तिकडेच राहिली, त्याच्या मुलाला येथे एका दारावर बापाचे नाव पाहावेसे वाटले, तर तो नुसता अहंकार म्हणता येईल? ते श्राद्धच आहे एका परीने.

मग नकार कशाला द्यावा? याचे उत्तर आपल्या वारीतच आहे. हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व सेवेला आहेत. शितोळ्यांचे नाव वारी विसरलेली नाही. पण रिंगणात पाहा. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. घोडा ज्याने दिला तोही त्या पाठीवर बसत नाही, कारण ती जागा माउलींची!

दात्याचे नाव राहिले तर राहो, पण त्याने त्या जागेवर बसू नये. कीर्तन कोणाचे हे ठरवू म्हणणे, म्हणजे त्या पाठीवर मांड ठोकणे होय. आणि घेणाऱ्यानेही, आपण निःस्पृह म्हणून दात्याला हिणवणे, म्हणजे दुसऱ्या बाजूने तेथेच चढणे होय. आम्ही तेच करीत होतो.

शेठजींना आम्ही हात जोडून सांगितले, "वडिलांचे नाव आनंदाने लावू. कीर्तनाचे तेवढे देवावर सोडा." ते विचारात पडले, म्हणाले, "कळवतो." अजून निरोप नाही. तोवर जुन्याच पखवाजाला कणीक लावून पोरांचा हात बसवणे चालू आहे.