केस लावणारे हात

हल्ली स्थळ बघायला गेलं की मुलाच्या पगाराबरोबर त्याच्या डोक्याकडेही नजर जाते. "मुलगा सोन्यासारखा आहे, पण पुढनं विरळ झालंय ओ," असं कुणी बाई हळूच म्हणते आणि मुलाच्या आईची झोप उडते. मग मुलगा बेळगाव, कोल्हापूर, नाहीतर थेट पुणं गाठतो आणि केस लावून घेतो. पैसे कितीदा तरी आईच्या साठवणीतले असतात. मुनिमहाराजांचा केशलोच बघायला आपण नातवंडांना पुढच्या रांगेत बसवतो आणि त्याच समाजात केस उगवून घ्यायची घाई, यात गंमत आहे खरी. पण केस उपटणं हे महाराजांचं व्रत, आपलं नव्हे. श्रावकाला केसांची हौस असली तर असू दे. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ते केस लावतं कोण?

कुणाला विचारा, डॉक्टरचं नाव सांगतील. पाटी त्यांची, जाहिरातीत फोटो त्यांचा, बिलावर सही त्यांची. पण आमच्या गल्लीतली एक मुलगी नर्सिंग करून अशाच एका क्लिनिकमध्ये कामाला आहे. तिनं सांगितलं तेव्हा मला चित्र दिसलं.

डोक्याच्या मागच्या भागातले केस सहसा गळत नाहीत, म्हणून तिथले केस मुळासकट काढतात. एकेका मुळाला एक ते चार केस असतात, त्याला ग्राफ्ट म्हणायचं. एका पद्धतीत मागची कातडीची बारीक पट्टी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिरत चिरत एकेक मूळ मोकळं करतात. दुसरीत पोकळ सुईसारख्या हत्यारानं एकेक मूळ थेट काढतात. मग ती गार सलाइनमध्ये ठेवायची, मोजायची, निवडायची. एक केसवाली कपाळाच्या कडेला, दाट असलेली मागे. टाळूवर भूल देऊन छिद्रं पाडलेली असतात, त्यात चिमट्यानं एकेक मूळ बसवायचं. दोन-अडीच हजार मुळं म्हणजे सहा-आठ तास सहज जातात. "कंद चिमट्यात दाबायचा न्हाई काकू, भोवतीची चरबी तेवढी धरायची. दाबला की मेला. वाळला तरी मेला," ती म्हणाली. मोजणं, निवडणं, बसवणं, हे सगळं ती आणि तिच्यासारख्या तिघी करतात.

तिची आजी बिड्या वळायची. मांडीवर सूप, टेंभुर्णीचं पान, चिमूटभर जर्दा, वर दोऱ्याचा फेरा. मजुरी हजारावर आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिडीचे पैसे नाहीत. बंडलावर कारखान्याचा छाप, कधी मालकाचा फोटोसुद्धा. वळणारीचं नाव कुठंच नाही. निपाणीच्या तंबाखू कामगार बायका संघटित होऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये माहितीपट केला, तेव्हा कुठं बाहेरच्या जगाला ते चेहरे दिसले. त्या वखारींच्या मालकांत आपल्या समाजातली घरंही होती, हे आपण सहसा बोलत नाही. आजीनं हजारात मोजलं, नातही हजारात मोजते. नातीच्या हाताला मात्र दुसऱ्याच्या डोक्याचं रक्त लागतं, आणि चूक झाली तर छाट म्हणून बाजूला टाकता येत नाही.

चूक कळतेही उशिरा. लावलेले केस काही आठवड्यांत गळून पडतात, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे फुटायला लागतात आणि खरा निकाल यायला वर्ष लागतं. कुणी घाईत मुळं चेमटवली असतील तर ते कळेपर्यंत त्या दिवशी खोलीत कोण होतं हे कुणालाच आठवत नाही. मागचा साठाही मर्यादित. तिथून काढलेलं मूळ तिथं पुन्हा उगवत नाही. म्हणजे बघणारं कुणी नसताना, वर्षभर उघडकीला न येणाऱ्या कामात नीट वागायचं, असं हे काम आहे. सामायिकाला बसून आपण ज्याची सवय करतो म्हणतो, ते ती पोरगी पाय सुजेपर्यंत करते.

जपमाळेत १०८ मणी का, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं असतं. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि चार कषाय. गुणाकार केला की १०८. त्यातलं कृत-कारित-अनुमोदना आपण फक्त हिंसेच्या हिशेबाला लावतो, तेही बहुतेक खाण्यापिण्यापुरतं. पण करणं, करवून घेणं आणि त्याला मान डोलावणं एकाच तराजूत घातलंय, याचा अर्थ खोलवर जातो. "मी कुठं केलं, पोरींनी केलं," असं डॉक्टरला म्हणता येत नाही. "मला सांगितलं ते केलं," असं पोरीलाही म्हणता येत नाही. आणि पैसे भरणारी आई? तीही बाहेर राहत नाही.

दुसऱ्याच्या हातून काम करवून घेणं वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आठ तास एकट्यानं वाकून बसलेल्या डॉक्टरपेक्षा आळीपाळीनं काम करणाऱ्या चार शिकलेल्या मुली केव्हाही बऱ्या. वर्षानुवर्षं मुळं बसवणारीचा हात डॉक्टरपेक्षा हलका असेल, याबद्दल मला शंका नाही. खोट आहे ती लपवण्यात. रुग्णाला वाटतं डॉक्टर करताहेत, आणि तसं वाटू दिलं जातं. न बोललेलं खोटंही खोटंच.

कुठली कामं सोपवायची यालाही मर्यादा आहे. केसरोपण करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था सांगते, की कातडीला छेद देणं हे परवानाधारक डॉक्टरचंच काम. इस्तंबूलला जगभरातून पुरुष केस लावायला जातात. तिथल्या कित्येक क्लिनिकांबद्दल तक्रार हीच, की डॉक्टर तोंड दाखवून जातो आणि छेद देण्यापासून सगळं तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये बजावलं, की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत नुसतं बघून हे शिकता येत नाही. आणि हा सगळा प्रकार साधा नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्यानं नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट एका बैठकीत लावून घेतले, त्यानंतर त्याला ॲलर्जीचा तीव्र त्रास झाला आणि तो गेला. सौंदर्यासाठी गेलेला धडधाकट माणूस! भुलीचं औषध किती द्यायचं, कधी थांबायचं, अंगावर पुरळ उठलं तर काय करायचं, हे निर्णय बारा-पंधरा हजारांवर ठेवलेल्या मुलीच्या माथी मारणं हा त्या मुलीवरही अन्याय आहे.

बायांनो, आपण साडी घेताना पदर उलटून बघतो. मग मुलाला घेऊन गेल्यावर एवढं तरी विचारायला काय हरकत आहे? भूल कोण देणार, छिद्रं कोण पाडणार, डॉक्टर पूर्ण वेळ इमारतीत आहेत का, मुळं बसवणाऱ्या मुली कुठं शिकल्या, त्यांना मध्ये जेवायला किती वेळ देता? शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळतो. गोंधळू दे. उपाशी, थकलेला हात आपल्याच लेकराच्या डोक्यावर चालणार असतो.

ती मुलगी गेल्या चातुर्मासात एकदा माझ्याकडे आली. रविवारी डॉक्टर दुसऱ्या शाखेत असतात आणि इंजेक्शनं तूच दे म्हणतात, असं म्हणाली. "काकू, मला पाप लागतंय काय?" भाऊ शिकतोय, घराचा हप्ता आहे. मी तिला कषायांचं सांगितलं. लोभानं करणं आणि भीतीनं करणं एक नाही, भय नोकषायात येतं, त्याचं वजन हलकं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेशंटला काय झालं तर त्याला माझं भय हलकं लागंल व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सोमवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं, मी ग्राफ्ट लावते, इंजेक्शन देणार नाही. त्यांनी तिला काढलं नाही, रागावलेही नाहीत. रविवारची ड्यूटी मात्र दुसरीला दिली. ती गडहिंग्लजची आहे, कामाला लागून दोन महिने झालेत.