विचारायचं राहून गेलं

आमची जर्सी गाय एकदा सातव्या महिन्यात गाभडली. मी तसाच सायकल काढून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर आले. ‘वासराला उघड्या हातानं शिवू नका, हा रोग असला तर माणसालाही लागतो,’ म्हणाले. गाईचं रक्त तपासायला धाडलं. का गाभडली, हे कळेपर्यंत मला झोप नव्हती.

त्याच वर्षी, 1987 च्या माघात, घरचीला नवव्या महिन्यात मेलेलं बाळ झालं. थोरली मुलगी धडधाकट, तिच्या पाठचा हा मुलगा. फडक्यात गुंडाळून मी त्याला बांधावरच्या बाभळीखाली पुरलं आणि गप बसलो. का गेला, हे कोणाला विचारलं नाही. आई म्हणाली, ‘ग्रहण पाळलं नाही हिनं.’ घरची खाली मान घालून भाकरी थापत राहिली. पुढच्या खेपेलाही तेच झालं.

2009 साली तिच्या पिशवीचं ऑपरेशन निघालं, तेव्हा पहिल्यांदा रक्तगट कळला. तिचा निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : निगेटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्ह असलं, तर बाळंतपणात त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. मग तिचं अंग त्या रक्ताशी वैर धरतं आणि पुढच्या बाळाचं रक्त मोडायला लागतं. बाळंतपणानंतर 72 तासांत एक इंजेक्शन दिलं, तर बहुतेक वेळा हे टळतं. ‘पण तुमच्या बाळांचं तेच झालं, असं आता सांगता येणार नाही. तेव्हाच तपासायला हवं होतं.’

गेलेल्या जिवाला आणखी कशाला छळायचं, असं आपण म्हणतो. मीही म्हणालो असतो. आता डॉक्टर बाळ बघतात, वार तपासतात, आईचं रक्त तपासतात. बाळाला चिरायला मन धजत नसेल तर नको म्हणावं. बाकीचं तरी करू द्यावं. कधी सगळं करूनही कारण सापडत नाही. तेही कळलेलं बरं. विचारलंच नाही, तर दोष बाईच्या पदरात पडतो आणि तिथंच राहतो.

त्या दिवशी परतताना एसटीत घरची हळूच म्हणाली, ‘म्हंजे मी ग्रहणात विळी धरली, त्यानं नव्हतं ना?’

बावीस वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं.

‘नव्हतं,’ मी म्हणालो. एवढं सांगायला कुठल्या तपासणीची गरज नव्हती. तरी तोवर मी सांगितलं नव्हतं.