दुखावलेली नजर

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेली जोडपी सुमारे दोन हजार वर्षे तशीच उभी आहेत. आपल्या घरातली जोडपी दगडाची नाहीत. पाहुण्यांसमोर नवरा सहज बोलून जातो, "हिला काय कळतंय त्यातलं!" सगळे हसतात, तीही हसते. पुढच्या आठवड्यात तो कामशेतच्या घरी परतताना लोणावळ्याहून चिक्की आणतो, तेव्हा तिच्या मनात येते, आज एवढे प्रेम कशासाठी? मागच्या आठवणीही बदलतात. लग्नानंतर तो कमी बोलायचा, तेव्हा तिला तो लाजाळू वाटला होता. आता तोच अबोला तुच्छतेचा वाटू लागतो. उलट बाजूही तितकीच खरी. पगारावरून "तुमच्या हातून काय होणार?" हे दोन-चारदा ऐकलेला नवरा बायकोच्या साध्या प्रश्नातही टोमणा शोधतो.

मग आपण म्हणतो, "सॉरी म्हटलं ना?" क्षमा मागितलीच पाहिजे. पण समोरच्याने त्याच दिवशी पूर्वीसारखे पाहावे, हा हट्ट कशाला?

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. (टिळक प्रॉटेस्टंट; पण गोष्ट कुठल्याही घरातली आहे.) पुढे त्या परतल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच, आणि टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. आम्हाला ती मधली वर्षे फार मोलाची वाटतात. टिळकांच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांचा शीघ्रकोप, लहरीपणा, हातात न टिकणारा पैसा, सारे आले आहे. लक्ष्मीबाईंनी काही झाकले नाही, तरी पानोपानी माया आहे. त्या रागाआड त्यांना अख्खा माणूस दिसत राहिला.

मात्र हे उदाहरण सांगून मारहाण सोसणाऱ्या बहिणीला कुणी गप्प बसवू नये. जोडीदारापासून आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याची तरतूद ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे (कलम ११५३). २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षणही मागता येते. आणि नवरा सुधारला, हे तिने कधी खरे मानायचे, ते सासरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी ठरवायचे नाही, आपणही नाही.