सुखरूप पोचलेल्यांचा दोष

आपल्या भाषेत अपघात 'होतो'. तो कुणी 'करीत' नाही. पाऊस पडावा तसा तो होतो. माणूस गाडीखाली 'सापडतो', जणू दोष त्याच्या तिथे असण्याचाच! आणि कुणी थोडक्यात बचावला, की आपण समाधानाने म्हणतो, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' इथे एक शंका मनात येते. वेळ आली नव्हती हे खरे. पण काळाला बोलावणे कुणी धाडले होते?

आमच्या बऱ्हाणपुरात संध्याकाळी लालबाग रोडवर घटकाभर उभे राहावे. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली कानठळ्या बसवीत जातात. एकीवर तिघे, डोक्यावर काही नाही. इंदूर-इच्छापूर मार्गावर केळीच्या ट्रकांची रीघ असते, तिच्यातून नागमोडी वाट काढण्यात म्हणे मर्दुमकी आहे. अशीच दोन मुले शर्यत लावतात असे समजा. वेग सारखा, बेफिकिरी सारखी. एकाच्या पुढ्यात गल्लीतून एक म्हातारी येते. दुसऱ्याच्या पुढ्यात कुणी येत नाही. पहिला पोलीस ठाण्यात जातो, दुसरा घरी जाऊन गरम पोळी खातो. दोघांच्या पापात फरक किती?

1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी याच प्रश्नाला हात घातला होता. नेगेल यांचे उदाहरण तर गाडीवाल्याचेच आहे. दारू पिऊन कुणी गाडी फुटपाथवर चढवली आणि तिथे त्या क्षणी माणूस नव्हता, तर ते त्याचे नशीब. त्यात त्याचे पुण्य काही नाही. कायदा मात्र हे नशीब मोजतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नुसत्या बेदरकार चालवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, तर निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानात ती दोनच वर्षांपर्यंत होती.

मग मृत्यूला काहीच किंमत नाही का? असे मी म्हणणार नाही. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यापुढे हा तर्क मांडायची माझी छाती नाही. मला एवढेच वाटते, की मृत्यूमुळे त्या मुलाचे ऋण वाढते, जन्मभर न फिटणारे होते. दोष मात्र ॲक्सिलरेटर पिळला तेव्हाच पुरा झालेला होता. त्या क्षणी त्याने दुसऱ्याचा जीव पणाला लावला, आणि तोही त्याला न विचारता. जुगारी निदान स्वतःच्या घरचे लावतो (धर्मराजाचे सोडा).

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली. त्यात दोन तरुण अभियंते गेले, एक मुलगा नि एक मुलगी. दोघेही आपल्या मध्यप्रदेशातले, नोकरीसाठी तिकडे गेलेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये एक अशी, की अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला, तीन दिवसांत त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. तो संताप योग्यच होता. पण मी वेगळ्याच विचारात पडलो. त्याच रात्री किती गावांतून किती अल्पवयीन मुले तशीच गाडी हाणून घरी पोचली असतील! त्यांना निबंध कोण सांगणार? 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली, त्यांतली दहांतली सात अतिवेगाच्या अपघातांत. हे आकडे मेलेल्यांचे. वाचलेल्या बेपर्वाईची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आणि ती बेपर्वाई एकट्या मुलाची नसते. ओट्यावर बसून 'पोरगं काय गाडी हाणतं!' म्हणणारे आपणच. दहावीच्या टक्क्यांवर गाडी कबूल करणारे आपणच. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकालाही दोषी धरले आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर and गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

शेजारच्या गृहस्थांना मी हे कलम समजावून सांगितले. त्यांचा मुलगा सोळाचा, गाडी त्यांच्या नावावर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पानाचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं झाली चालवतोय तो. अजून काही झालं का?"